बोट एकीकडे, बातमी भलतीकडे: समुद्रातल्या शर्यतीची खरी गोष्ट कोण सांगतं?

क्रिकेटची मॅच सुरू असताना कॉमेंटेटरचं म्हणणं पटलं नाही, तर आपण रिप्ले बघतो. बॉल बॅटला लागला की पॅडला, ते दिसतं. शिडाच्या बोटींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत ही सोय नाही. किनारा मागे पडला की प्रेक्षक संपतात. त्यानंतर खेळाडू सांगेल ते, आयोजक कळवतील ते, आणि उरलेली जागा अंदाजाने भरली जाते.

एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीची पुढची फेरी सप्टेंबर २०२६ मध्ये फ्रान्समधून सुरू व्हायची आहे. तिच्या बातम्या वाचण्याआधी याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत काय झालं होतं, ते माहीत असायला हवं. कारण तिथे एका हौशी खलाशाचा जीव गेला, आणि त्या शोकांतिकेत वादळापेक्षा बातम्यांचा वाटा मोठा होता.

वर्तमानपत्रानेच भरवलेली शर्यत

मार्च १९६८ मध्ये ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ने ही शर्यत जाहीर केली. सर्वात आधी परतणाऱ्याला करंडक आणि सर्वात कमी दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्याला ५,००० पौंड. अट एवढीच, की १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात निघायचं. खलाशाच्या अनुभवाची परीक्षा नव्हती. नऊ जण निघाले.

गडबड इथेच होती. शर्यत भरवणारं वर्तमानपत्र, बक्षीस देणारं तेच आणि बातमी देणारंही तेच. शर्यत जितकी रंगेल तितका खप. अशा वेळी ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न विचारणार कोण?

शेवटच्या दिवशी निघालेला माणूस

डोनाल्ड क्राउहर्स्ट हा इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा धंदा करणारा, चार मुलांचा बाप. सुट्टीच्या दिवशी बोट चालवणारा हौशी माणूस. धंदा अडचणीत होता. ज्या उद्योजकाने बोटीसाठी पैसे घातले, त्याच्याशी झालेला करारही असा, की मोहीम फसली तर खर्च क्राउहर्स्टच्याच अंगावर यावा. ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ ही त्याची तीन सांगाड्यांची बोट घाईघाईत बांधली गेली आणि ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अर्धवट तयारीने निघाली.

काही आठवड्यांतच त्याला कळून चुकलं, की ही बोट दक्षिण महासागरात टिकणार नाही. परत फिरावं तर दिवाळं आणि बदनामी. पुढे जावं तर मरण. त्याने तिसरा रस्ता काढला. अटलांटिकमध्येच घुटमळत राहायचं आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवायची.

डिसेंबरमध्ये त्याने एका दिवसात २४३ सागरी मैल कापल्याचं कळवलं. विक्रमच! बातमी झळकली. त्याची प्रसिद्धी सांभाळणारा रॉडनी हॉलवर्थ हा पूर्वीचा गुन्हेगारी बातमीदार होता. क्राउहर्स्टच्या तारा मोघम असायच्या, हॉलवर्थ त्यांना ठोस करायचा. तारेत नसलेले मैल बातमीत यायचे.

शंका घेणारं कुणीच नव्हतं का? होतं. नुकतीच एका थांब्यात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेले फ्रान्सिस चिचेस्टर यांना हे आकडे पटत नव्हते. पण वाचकांना आवडणाऱ्या गोष्टीपुढे जाणकाराची कुरकुर मागे पडली.

खोट्या आकड्यांची खरी किंमत

२२ एप्रिल १९६९ ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पहिला परतला. त्याची ‘सुहैली’ ही सागवानी बोट बांधली गेली होती मुंबईत. आता सर्वात कमी दिवसांच्या बक्षिसासाठी दोघे उरले, नायजेल टेटली आणि (कागदावर) क्राउहर्स्ट.

क्राउहर्स्ट मागून वेगाने येतोय, या बातमीने टेटलीने आपली खिळखिळी झालेली बोट दामटली. २१ मे रोजी ती घर जवळ आलेलं असताना बुडाली. टेटली वाचला, पण ज्याच्या भीतीने त्याने बोट गमावली, तो प्रतिस्पर्धी पृथ्वीप्रदक्षिणेवर गेलाच नव्हता.

आता क्राउहर्स्टचा विजय नक्की होता आणि तीच त्याची कोंडी होती. जिंकला तर त्याच्या नोंदवह्या तपासल्या जाणार. किनाऱ्यावर स्वागताची तयारी सुरू होती. १ जुलैला त्याची शेवटची नोंद आहे. १० जुलैला बोट अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. त्याने जीव दिला असावा, असं मानलं जातं. नॉक्स-जॉन्स्टनने आपले ५,००० पौंड त्याच्या कुटुंबाला दिले.

नंतर या बनावाची उकल करणारं पुस्तक लिहिलं ते ‘संडे टाइम्स’च्याच निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल या पत्रकारांनी. म्हणजे प्रश्न विचारायची कुवत त्या वर्तमानपत्रात होती. ते प्रश्न बोट समुद्रात असताना विचारले गेले नाहीत.

आता तर ट्रॅकर आहे ना?

आहे. त्यामुळे क्राउहर्स्टसारखं खोटं आज खपणार नाही. २०१८ पासून ही शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक बोट नकाशावर ठिपका म्हणून दिसू लागली. पण चित्र उलटं झालं. १९६८ मध्ये खरं फक्त खलाशाला ठाऊक होतं आणि किनारा अंधारात होता. आज किनाऱ्याला सगळ्यांच्या जागा दिसतात, आणि जुन्या साधनांनिशी निघालेला खलाशी अंधारात असतो. २०२२ च्या फेरीत पहिली आलेल्या कर्स्टन नॉयशेफर यांना आपण जिंकतोय हे अंतिम रेषेजवळ येईपर्यंत माहीत नव्हतं.

ठिपका जागा दाखवतो, कारण दाखवत नाही. बोट मंदावली म्हणजे शीड फाटलं, वारा पडला, की माणूस जखमी आहे? सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘तुरिया’ हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. किनाऱ्यावर वाद रंगला, की अशी शर्यत घ्यावीच का? प्रश्न रास्त होता. पण तेव्हा टॉमी बोटीत हलताही येत नसलेल्या अवस्थेत मदतीची वाट बघत होते. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. पुढच्याच फेरीत ते दुसरे आले.

म्हणून अशा शर्यतीची पोस्ट शेअर करताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. हे कुणी पाहिलंय, की कुणी कळवलंय? कळवणाऱ्याचा यात फायदा काय? आणि जाणकार कुणी शंका घेतोय का?

मत मांडायला कुणाची ना नाही. पण टेटलीची बोट कुणाच्या मताने नाही, न तपासलेल्या आकड्याने बुडवली.