दारू नाही, तरी यकृत का बिघडते?

काही दिवसांपूर्वी भोकरदन तालुक्यातल्या एका गावी आम्ही मय्यतीला गेलो होतो. मरहूम पन्नाशीतले, पाच वेळचे नमाजी, कपाशी आणि मक्याची शेती करणारे. यकृताच्या कर्करोगाने तीन-चार महिन्यांत गेले. कब्रस्तानातून परतताना मागे कुजबूज ऐकू आली, "चोरून पीत असणार. नाहीतर लिव्हर कशाने जाईल?" घरात बेवा इद्दतीला बसलेली, आणि गल्लीत तिच्या नवऱ्याच्या नावाने हे बोलणे. आम्ही त्यांना लहानपणापासून ओळखत होतो. दारूला त्यांचा कधी हात लागला नव्हता. त्यांचा आजार कशाने सुरू झाला हे डॉक्टरांनाही नेमके सांगता आले नाही.

वाचकहो, आपल्या घरांत एक समजूत पक्की बसली आहे. दारू हराम, आपण ती पीत नाही, म्हणजे आपले यकृत सुरक्षित. दारूने यकृत खराब होते हे खरेच, पण ते दारूनेच खराब होते हे खरे नाही. हे आपल्याला कळले ते बऱ्याच अंशी प्रयोगशाळेतल्या उंदरांमुळे.

1930 च्या दशकात जपानमधल्या संशोधकांनी उंदरांच्या खाण्यात काही रंग मिसळून पाहिले. त्यातला एक होता 'बटर यलो'. लोणी पिवळेधमक दिसावे म्हणून काही देशांत तो वापरत असत. काही महिन्यांत त्या उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी झाल्या. दारूचा थेंबही नव्हता, होता फक्त खाण्यातला रंग. पुढे हा रंग खाण्यातून हद्दपार झाला.

आपल्याकडचा त्याचा भाऊबंद म्हणजे मेटॅनिल यलो. हळद, डाळ, जिलेबी, लाडू यांत भेसळीसाठी तो वापरल्याचे वारंवार सापडले आहे. खाण्यात त्याला परवानगी नाही. मुंबईच्या परळ भागात टाटा मेमोरियल सेंटरच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये या रंगाची उंदरांवर तपासणी झाली. आधी उंदरांना यकृताच्या पेशी बिघडवणारे एक रसायन दिले. तंबाखूच्या धुरातही हे रसायन असते. नंतर काहींना मेटॅनिल यलो खाऊ घातला. रंग न खाल्लेल्या उंदरांपेक्षा रंग खाल्लेल्यांच्या यकृतात बिघडलेल्या पेशींचे पुंजके जास्त वाढले. भाज्या हिरव्यागार दिसाव्यात म्हणून लावल्या जाणाऱ्या मॅलाकाइट ग्रीनचाही असाच परिणाम दिसला.

यातून ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की कर्करोग बहुधा एका घावाने होत नाही. एक गोष्ट पेशीला जखम करते आणि दुसरी त्या जखमी पेशीला वाढायला लावते. क्ष-किरणांसारख्या किरणांचेही असेच आहे. मोठ्या मात्रेने उंदरांच्या पेशींना आतून इजा होते, पण ती दबून राहते. नंतर एखाद्या विषारी रसायनाने यकृताला नव्या पेशी तयार करायला भाग पाडले, की दबलेली इजा गाठ होऊन वर येते. माणसातही किरणांचा पुरावा आहे. 1930 ते 1950 च्या दरम्यान अनेक देशांत क्ष-किरण चित्र स्पष्ट यावे म्हणून थोरोट्रास्ट नावाचे औषध टोचत. त्यातला किरणोत्सारी थोरियम यकृतात साठून राही. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांमध्ये यकृताचे कर्करोग निघाले. ते औषध केव्हाच बंद झाले. म्हणून डॉक्टरांनी गरजेपोटी सांगितलेल्या एक्स-रेला घाबरू नका. तो थोड्या मात्रेचा असतो.

आपल्या जिल्ह्यासाठी याहून महत्त्वाची आहे ती बुरशी. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या अचानक मेल्या. शोध घेता घेता तपास त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला. पेंडीला लागलेल्या बुरशीने त्यात एक विष सोडले होते. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. ती पेंड उंदरांना दिली तेव्हा त्यांना यकृताचा कर्करोग झाला. त्याच सुमारास अमेरिकेत पाळलेल्या ट्राउट माशांच्या यकृतातही गाठी सापडल्या. त्यांच्या खाद्यात बुरशीची सरकी पेंड होती. मका, शेंगदाणा, सरकी. हे सगळे आपल्याच शेतातले आणि आपल्याच गोठ्यातले आहे.

माणसांवरही ही वेळ आली आहे, आणि तीही आपल्या शेजारच्या राज्यात. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काढणीच्या वेळी पाऊस झाला. ओला मका तसाच साठवला गेला आणि गरिबांनी तोच खाल्ला. कावीळ होऊन, पोटात पाणी भरून शंभराहून जास्त माणसे दगावली. एकाच वेळी खूप विष गेले तर असे होते. थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर कर्करोगाची भीती. परतीच्या पावसात मका भिजणे जालना जिल्ह्याला नवे नाही.

शेतातली आणखी एक आठवण. आपल्या वडीलधाऱ्यांनी कपाशीवर धुरळलेली, घरात मुंग्या-ढेकणांसाठी टाकलेली बीएचसी पावडर. 1979 मध्ये अहमदाबादच्या संशोधकांनी ती उंदरांना देऊन पाहिली, तेव्हा यकृतात गाठी झाल्या. 1997 मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली. उंदराला झाले ते माणसाला तसेच होईल असे नाही. पण सावध करण्याचे काम उंदीर करून जातो.

आता जोडीच्या घावाचे माणसातले उदाहरण पाहा. चीनमधल्या शांघाय शहरात 18 हजारांहून जास्त पुरुषांची पाहणी झाली. ज्यांच्या शरीरात अफ्लाटॉक्सिनही होते आणि हिपॅटायटिस बीचा विषाणूही, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे 60 पट निघाला. एकेकट्या कारणाने तो यापेक्षा कितीतरी कमी होता.

मग घरात काय करावे?

मका आणि शेंगा पूर्ण वाळल्याशिवाय कोठीत भरू नका. बुरशीचे, काळे-हिरवे, सुरकुतलेले दाणे निवडून फेका. धुऊन किंवा शिजवून हे विष जात नाही. "माणसांना नको तर जनावरांना घालू" असेही करू नका. गाय-म्हैस असे खाद्य खाते तेव्हा विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध आपलीच लेकरे पितात.

वलीम्याचा जर्दा, बिर्याणी, रमजानमधली जिलेबी यांना भडक रंग हवाच असा हट्ट सोडा. सुटी रंगाची पुडी घरात आणू नका. केशर परवडत नसेल तर चिमूटभर हळद पुरते. हळकुंडे आणून दळून घेतली तर उत्तम.

फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पाण्याला किंवा धान्याला वापरू नका.

बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस द्या आणि पुढचे डोसही चुकवू नका. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. मोठ्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. घरात कुणाला हा विषाणू निघाला असेल तर बाकीच्यांनी आवर्जून. तंबाखू सोडा, हे वेगळे सांगायला नको.

कुरआनात खाण्याविषयी सांगताना हलालसोबत तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, चांगले. हलालची चौकशी आपण बारकाईने करतो. कुणी जबह केले, कुठून आणले, हे विचारतो. तय्यबची चौकशी मात्र राहून जाते. बुरशीची भाकर आणि विषारी रंगाचा जर्दा हलाल म्हणून खाल्ला, तरी त्याला तय्यब कसे म्हणायचे?

आणि शेवटी त्या कुजबुजीबद्दल. आजारी माणसाविषयी वाईट अंदाज बांधणे ही बदगुमानी आहे, आणि मेलेला माणूस तर आपली बाजूही मांडू शकत नाही. अशा घरी गेलात तर मगफिरतीची दुआ करा, त्या बेवेला धीर द्या, मुलांची रक्ततपासणी झाली का तेवढे विचारा. मय्यतीच्या घरी आपले जाणे अशाने तरी उपयोगी पडेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांना आफियत देवो. आमीन.