पेपरवाला कुत्रा आणि रक्ताची शुद्धता

मे महिन्यातली दुपार, वर्ध्याचा पारा 45 च्या वर. आमच्या वस्तीतला एक कार्यकर्ता पोरगा कुलरसमोर आपला पग घेऊन बसला होता. कुत्रं बसल्या जागी घरघरत होतं. "दादा, आजारी नाही तो, पगचा आवाज असाच असते," तो म्हणाला. मग मोबाइलवर एक कागद दाखवला. आईबाप कोण, आजोबा कोण, सगळी वंशावळ. "प्युअर आहे. पेपर आहेत. गावठी नाही."

मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि पोरगा मला रक्ताची शुद्धता सांगत होता.

त्याची चेष्टा करायला हे लिहीत नाही. 2003 मध्ये हचच्या जाहिरातीत पग दिसला आणि मग हे कुत्रं घरोघर आलं. पण तो घरघरतो का, हे जाहिरातीत नव्हतं. माणसाला चपटं तोंड गोंडस वाटतं म्हणून पिढ्यान् पिढ्या त्याचं नाक आखूड करत नेलं. आतला मांसल भाग मात्र त्या प्रमाणात कमी झाला नाही, त्यामुळे हवेची वाट अडते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ज्याला श्वासच पुरत नाही, त्याने विदर्भाच्या उन्हात काय करायचं? इंग्लिश बुलडॉगचं डोकं तर इतकं मोठं केलं की त्याच्या बहुतेक माद्यांची बाळंतपणं सिझेरियननेच होतात.

हे घडवणारं यंत्र साधं आहे. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. कुत्रं कसं दिसावं याची मोजपट्टी ठरली, नोंदवही तयार झाली. नोंद असलेल्या आईबापांच्याच पिल्लांची नोंद करायची, बाहेरचं रक्त नको. जोड्या आतल्या आत लागत गेल्या आणि दडलेले आनुवंशिक रोग वर आले.

ओळखीचं वाटतं ना? 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचं मर्म सजातीय विवाहात दाखवलं होतं. दार बंद केलं की जात तयार. पुढे 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, जात रक्त शुद्ध ठेवते हा दावाच त्यांनी मोडून काढला. जातीने जर उत्तम वंश घडवला असेल, तर या देशातली बहुसंख्य माणसं सैन्यात भरतीलाही अपात्र का, असा त्यांचा रोख होता.

काहीजण चिडतील. माणसाची तुलना कुत्र्याशी? चिडणं रास्त आहे. महाडच्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. पण मी माणसाला कुत्र्याशेजारी बसवत नाही, दोघांना लावलेली मोजपट्टी एकच आहे एवढंच म्हणतो. ज्या मनुस्मृतीचं 25 डिसेंबर 1927 ला महाडला दहन झालं, तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावं आणि कुत्री-गाढवं हेच त्याचं धन असावं, असं लिहिलंय. म्हणजे गावकुसाबाहेर ज्याला आपल्यासोबत ढकललं, ते हेच गावठी कुत्रं. 'गावठी' ही शिवी आपण माणसं म्हणून खाल्ली आहे. तीच आता त्या कुत्र्याला देताना जीभ अडखळत कशी नाही?

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. त्यांच्या बंगल्यात लॅब्रॅडॉर चालतो, आमच्या घरात पग दिसला की प्रवचन का? पाळा ना, हक्क पूर्ण आहे. पण 'पेपर' विकत घेऊन प्रतिष्ठा मिळते हे आपल्याला कोणी शिकवलं, ते तपासा. आणि हा प्रश्न बंगल्यालाही आहेच.

मग जातिवंत जनावर सगळंच वाईट का? आपल्याच जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा भागात गवळाऊ गोवंश आहे. गवळ्यांनी तो राखला तो ऊन सोसणारा, हलक्या अंगाचा, चालायला चपळ म्हणून. धाप लागणारा वळू त्यांनी पैदाशीला ठेवलाच नसता. उद्या प्रदर्शनातल्या बक्षिसासाठी नुसतं रूप पाहून वळू निवडला, तर गवळाऊचीही तीच गत होईल.

कायदा अगदीच मुका नाही. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. किती विक्रेत्यांना तुम्ही नोंदणी क्रमांक विचारलाय? नॉर्वेत तर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची आतल्या आत पैदास प्राणी कल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. आपल्याकडे दिसण्यापायी दिलेल्या या दुखण्यावर कोणी बोलतही नाही.

पोराने मला विचारलं, "मग आता याला काय सोडून देऊ?" अजिबात नाही. त्यात त्या जिवाचा काय दोष? त्याला सांभाळ, दुपारी बाहेर काढू नको, वजन वाढू देऊ नको, डॉक्टरला नाक दाखव. फक्त त्याची पिल्लं काढू नको.

इथेच तो गप्प झाला. नागपूरहून एकाचा मादीसाठी फोन आलेला आहे, बदल्यात एक पिल्लू मिळणार आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही.