बोल कोण ऐकतंय?

तुळशीची लग्नं लागली, मंडईतले ऊस आणि आवळे-चिंचांचे ढीग हलले, आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू झाला. आता मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय मिळायचं नाही, आचारी फोन उचलायचा नाही आणि रविवारी संध्याकाळी एकाच रस्त्यावर तीन वराती एकमेकींना वाट द्यायच्या नाहीत. हे सगळं चालायचंच. आमची तक्रार अगदी किरकोळ आहे. ती जेवणाबद्दल नाही की मानपानाबद्दलही नाही. स्वागत समारंभात जी गाणी लावतात, त्यांच्या शब्दांबद्दल आहे.

गेल्या हंगामात शहराबाहेरच्या एका लॉनवर गेलो होतो. पत्रिकेत वेळ साडेसातची. जोडपं पावणेनऊला आलं. दोन्ही बाजूंनी गार ठिणग्यांची कारंजी उडाली, गुडघाभर पांढरा धूर पसरला, चार करवल्यांनी फुलांची चादर डोक्यावर धरली, निवेदकाने घसा खरवडून टाळ्या मागितल्या, आणि या सगळ्यावर स्पीकरमधून गाणं सुरू झालं ‘चन्ना मेरेया’. २०१६ सालच्या ‘ऐ दिल है मुश्किल’मधलं. अरिजित सिंहचा आवाज, प्रीतमची चाल; शेजारच्या मामी म्हणाल्या, “किती गोड आहे हो!” गोड आहेच. फक्त त्या चित्रपटात नायक ते म्हणतो तेव्हा त्याचा जिच्यावर जीव आहे, तिचं लग्न दुसऱ्याशीच लागत असतं. तो निरोप घेतो आहे. म्हणजे आमच्या लॉनवरचा हसरा नवरदेव हातात हात घालून स्टेजकडे चालला होता, आणि गाणं मात्र मागच्या रांगेत कुठेतरी उभ्या असलेल्या तिसऱ्याच कोणाचं होतं.

गुलाबजामच्या रांगेतून वाट काढत आम्ही डीजेपर्यंत गेलो. चोवीस-पंचवीसचा मुलगा, एक कान हेडफोनखाली. त्याला हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, बोल कोण ऐकतंय? एन्ट्रीला बसतंय ना!”

त्याचं खरं आहे. लग्नातल्या शब्दांकडे नीट कान देणारा एकच नवरदेव महाराष्ट्राला ठाऊक आहे. आख्यायिका अशी, की नारायण ठोसराने मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ ऐकलं, त्याचा अर्थ लावला आणि तो बोहल्यावरून पळाला. पुढे तो समर्थ रामदास झाला. बाकीचे आपण तोच शब्द ऐकत अक्षता टाकत आलो आहोत. तेव्हा बोल न ऐकण्यात संसाराचं काही हितही असावं.

तरी प्रश्न उरतोच, की लग्नात हमखास वाजणाऱ्या इतक्या गाण्यांच्या पोटात रडं का? आमच्या मते दोष हिंदी सिनेमाच्या कथानकांचा आहे. योग्य मुलाचं योग्य मुलीशी, दोन्ही घरांच्या संमतीने, वेळेवर लागलेलं लग्न पटकथाकाराच्या काय कामाचं? त्याला मांडव हवा असतो तो चुकीच्या लग्नाचा. ‘मेहंदी लगा के रखना’ घ्या, १९९५चं, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधलं. त्या गाण्यात नायिकेची तयारी वडिलांनी ठरवलेल्या भलत्याच मुलाशी लग्नाची चाललेली आहे. ‘कल हो ना हो’मधलं (२००३) ‘माही वे’ घ्या. हृदयाच्या आजाराने मरणाला टेकलेल्या नायकाने आपल्याच प्रेमाचं मित्राशी जमवून दिलेलं आहे. ज्या ‘हम आपके हैं कौन’ला (१९९४) लोक लग्नाची कॅसेट म्हणायचे, तोसुद्धा घरात वाजतगाजत आणलेल्या सुनेला अर्ध्या वाटेत जिन्यावरून पाडून मारतो. संगीतकाराने मात्र ढोलक मनापासून वाजवलेला असतो. आपण ढोलक घरी आणतो आणि गोष्ट थिएटरात सोडून येतो.

मराठीत ‘सैराट’चं तसंच झालं. २०१६च्या उन्हाळ्यापासून आजवर ‘झिंगाट’शिवाय वरात पुढे सरकलेली आम्ही पाहिलेली नाही, आणि जोडप्याच्या प्रवेशाला ‘याड लागलं’ आता ठरलेलंच. अजय-अतुल यांच्या त्या चालीला नावं ठेवणारे आम्ही कोण? पण नागराज मंजुळे यांनी तो चित्रपट ज्यासाठी केला, तो शेवट आठवा. माहेरची माणसं आहेर घेऊन दारात येतात. आर्ची त्यांना चहा करून देते. नंतर कॅमेऱ्यासमोर उरतात ती एका लेकराची रक्ताने उमटलेली पावलं. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्या शेवटाला सगळं थिएटर गप्प झालेलं आपण पाहिलं आहे. आणि स्टेजवर मुलीचे काका-मामा खोकी घेऊन चढत असतात तेव्हा मागे त्याच चित्रपटाची गाणी चाललेली असतात. डीजेच्या मुलाला हे आम्ही सांगितलं नाही. आपण होऊन ते कोणाच्या ध्यानात आलं नसेल, तर सांगून काय साधणार?

हा रोग फक्त आपल्याकडचा नव्हे. इंग्रजी लग्नांत पहिल्या नाचाला ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लावणारे पुष्कळ आहेत. १९८३चं हे गाणं प्रेमाचं नसून पाळत ठेवणाऱ्या मत्सरी माणसाचं आहे, हे खुद्द स्टिंगने सांगून झालं. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ डॉली पार्टनने लिहिलं ते पोर्टर वॅगनर या आपल्या सहगायकाची साथ सोडताना. नावात प्रेम दिसलं की पुरे!

रडण्याचं गाणं लग्नात नकोच, असं मात्र आमचं म्हणणं नाही. आपल्या बायकांनी रडण्यासाठी लग्नात रीतसर जागा राखून ठेवली होती. घाणा भरताना मुसळाला आंब्याची पानं बांधून म्हणायच्या ओव्या वेगळ्या, हळदीच्या वेगळ्या. वरमाईची पंगत बसली, की मुलीकडची एखादी आत्या पदर सावरून ‘विहीण’ म्हणायला उभी राही. लेकीला सांभाळा, हे तोंडावर सांगता न येणारं सगळं त्यात सुरावर सांगून टाकी. समोर जिलबी खाणाऱ्या विहिणीलाही घास थांबवावा लागे. मग झाल. पेटत्या दिव्यांची ती पाटी सासरच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवली जात असताना कोणाचे डोळे कोरडे राहत नसत. कुठल्या विधीला काय म्हणायचं, हे त्या बायकांना तोंडपाठ होतं, आणि झालीचं गाणं हळदीला म्हणणारीला तिथल्या तिथे गप्प केलं जाई.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना हे अजून कळतं. तोर्कुआतो द फिगेरेदो यांचा निरोपाचा मांडो, ज्याची सुरुवातच ‘आदेउस’ने होते, तिथे मेळावा मोडताना म्हणतात; जोडपं आत येताना नाही.

आमच्या लॉनवर मात्र वधूपिता दारात उभा राहून पाहुण्यांचे हात हातात घेत होता, आणि तेव्हाच ‘बाबुल की दुआएं लेती जा’ सुरू झालं. ‘नीलकमल’ (१९६८), साहिरचे शब्द, रवीची चाल आणि रफीचा तो दाटलेला आवाज. पाठवणी अजून दीड तास लांब होती. तो गृहस्थ एका हाताने नमस्कार करत दुसऱ्या हाताने चष्मा पुसत राहिला. चाट खाणाऱ्यांना वाटलं, धूर गेला असेल डोळ्यांत.

कायद्याने म्हणाल तर लग्नाच्या गाण्यांचा दोनच बाबींत विचार केला आहे. लग्नसोहळ्यात गाणी लावायला परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०२३ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहाला उघड्यावरचा आवाज बंद. बोलांबाबत कायदा गप्प आहे. त्या दहाच्या नियमाने एक गंमत मात्र होते. दहाला पाच कमी असताना डीजे घाईघाईने ‘वाजले की बारा’ लावतो. ‘नटरंग’ची (२०१०) ती लावणी घरी जाऊ द्या म्हणून विनवणाऱ्या बाईची. बारा वाजायला दोन तास असले, तरी त्या संध्याकाळी वेळेला शोभेलसं वाजलेलं तेवढं एकच गाणं. त्यावर नाचायला वधूच्या दोन्ही आज्या उठल्या.

आवाज बंद झाला. केटररची माणसं खुर्च्या एकात एक बसवू लागली. डीजेचा मुलगा वायरी गुंडाळत होता, त्याला सहज विचारलं, तुझं लग्न झालं का रे? म्हणाला, “माघात आहे काका, या की! पत्रिका पाठवतो.”

“मग एन्ट्रीला काय लावणार?”

“काहीच नाही. आमच्या गावाकडं संबळ अन् सनई असते. डीजे आणला तर मांडवात पाय ठेवणार नाही म्हणालीये आई.”