आईच्या नावचे एक पान

देहू आणि निगडी यांच्या दरम्यान वसलेल्या तळवडे गावाभोवती लघुउद्योग उभे राहिले, पुढे माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आली. नोकरीच्या निमित्ताने दूरच्या जिल्ह्यांतील कुटुंबे येथे स्थिरावली. अशा घरातील सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते आणि काही महिन्यांनी परतते, तेव्हा तिच्या पिशवीत एक वही असते. बाळाचे वजन, लसीच्या तारखा, दुधाच्या वेळा अशी प्रत्येक नोंद तीत काटेकोर असते. आईविषयी मात्र एक ओळही नसते.

ही उणीव किरकोळ नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्याविषयी भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २२ टक्के, म्हणजे पाचांमागे एका मातेला हा त्रास होतो. ‘बाळ इतके गोड आहे, मग रडतेस कशाला?’ या प्रश्नापुढे ती गप्प होते.

पूर्वीच्या स्त्रिया गप्प नव्हत्या. पहाटे जात्यावर बसून त्या ओवीतून मन मोकळे करीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत तान्ह्याचे कौतुक आहे, तसाच सासरचा जाच आणि मूल गमावल्याचे दुःखही आहे. घर झोपलेले असे, समोर दुसरी दळणारी असे आणि ऐकणारी ती एकटीच असे. जाते गेले, त्याबरोबर ती जागाही गेली.

गर्भवती आणि नवमातांचा लेखनगट ती जागा पुन्हा निर्माण करू शकतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनातील सल लिहून काढला. पुढील काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातील खेपा कमी झाल्या.

गट सुरू करण्यास भांडवल लागत नाही. सोसायटीतील एखादी खोली, सहा-आठ जणी, प्रत्येकीची एक साधी वही आणि तासभर बाळे सांभाळणाऱ्या दोन आज्या पुरेशा आहेत. प्रारंभी एखादा सोपा विषय द्यावा : ‘आज कोणाला सांगता आली नाही अशी गोष्ट’, ‘माहेरच्या स्वयंपाकघराचा वास’, ‘बाळाला वीस वर्षांनी द्यायचे पत्र’. शब्द सुचले नाहीत तर चित्र काढावे, कापडाचा तुकडा चिकटवावा. शुद्धलेखन तपासू नये आणि वाचून दाखवण्याची सक्ती करू नये. गर्भवती व नवमाता एकत्र बसल्या, तर एकीचा अनुभव दुसरीची भीती कमी करतो.

वेळेचा हिशोबही जुळतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यांतील ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. पंधरवड्याला एक बैठक धरली, तरी दहा-बारा बैठका सहज होतात.

मात्र वही हे औषध नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळ झोपले तरी झोप येईना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

उरला प्रश्न घरच्यांचा. लिहिण्याची इच्छा असूनही अनेकींचा हात थांबतो, तो ‘कोणी वाचले तर?’ या शंकेने. ही शंका दूर करणे पती आणि सासूबाईंच्याच हाती आहे. वही कोणत्या कप्प्यात आहे हे सर्वांना ठाऊक असावे, आणि तरीही ती कोणी उघडू नये.