ब्रेक कीं गियर?

लकडगंजांतील एका वाचकांचे चिरंजीव मोटार चालविण्यास शिकत आहेत. गति कमी करण्यासाठीं ब्रेक दाबावा, असें वडिलांचें म्हणणें. खालचा गियर घालावा, असें चिरंजीवांचें. निर्णय आमच्याकडे आला आहे. दोन्ही मतें खरीं आहेत. प्रत्येकाचें स्थान मात्र निराळें आहे.

सेंट्रल ॲव्हेन्यूसारख्या सपाट रस्त्यावर ब्रेकच दाबावा. त्यायोगें मागील तांबडा दिवा लागून मागून येणारा सावध होतो. केवळ गियरनें वेग उतरविल्यास हा इशारा मिळत नाहीं. शिवाय ब्रेकचें अस्तर थोड्या खर्चांत बदलतां येतें, क्लचची दुरुस्ती महाग पडते.

घाटांत मात्र चिरंजीवांचा पक्ष ग्राह्य होय. हजार किलो वजनाची मोटार एकाच वेगानें 300 मीटर खालीं उतरली, तर सुमारें 9 लिटर पाणी उकळीस येईल इतकी उष्णता निर्माण होते. ती सर्व ब्रेकवर पडली म्हणजे अस्तराची पकड सुटते, ब्रेकचें तेल उकळून त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा दांडा पोकळ लागतो. खालच्या गियरमध्यें मात्र चाकांनाच इंजिन फिरवावें लागतें व त्या श्रमांत पुष्कळसा वेग जिरतो. यास्तव चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे येतांना उतार लागण्यापूर्वींच गियर खालीं घ्यावा, तोही एकेक पायरीनें. ब्रेक मधूनमधून दाबावा, सतत दाबून धरूं नये.

इंधन वाचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें हा तर आत्मघात होय. हल्लींच्या इंजिनांत गियर असतां पाय उचलल्यास इंधन आपोआप तुटतें. न्यूट्रलमध्यें तें जळतच राहतें. पुण्यांतील नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 रोजीं एका ट्रकनें अनेक वाहनांना धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याची वार्ता आली. पुढें चालकानें उतारावर इंजिनच बंद केल्याचें पोलिसांनीं सांगितलें. इंजिन थांबलें म्हणजे ट्रकच्या ब्रेकला हवा पुरविणारा पंपही थांबतो, हें ध्यानांत ठेवावें.

कठोपनिषदांत बुद्धीला सारथि व मनाला लगाम म्हटलें आहे. लगाम उतार संपतांना नव्हे, उतार लागण्यापूर्वीं हातीं घ्यावयाचा असतो. उन्हाळ्यांत मुलाबाळांसह घाटांत जाणाऱ्या वाचकांनीं एवढें चिरंजीवांकडून अवश्य घोटवून घ्यावें.