लायसिनचा भाव

कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात लायसिन हे अमिनो आम्ल अल्प प्रमाणात मिसळतात. त्याचे जागतिक उत्पादन मोजक्याच कंपन्यांच्या हाती होते. अमेरिकेची एडीएम या धंद्यात उतरताच स्पर्धेने भाव कोसळले. तेव्हा १९९२ पासून या कंपन्यांनी संगनमताने भाव व विक्रीचे वाटे ठरविले. एडीएमचेच अधिकारी मार्क व्हिटेकर यांनी गुप्त बैठका एफबीआयसाठी ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ मध्ये एडीएमने गुन्हा कबूल केला आणि सायट्रिक आम्लाच्या प्रकरणासह १० कोटी डॉलर दंड भरला. दरम्यान वाढीव भावाचा भार खाद्य घेणाऱ्यांवर पडला होता. भारतातही स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये असे संगनमत निषिद्ध आहे. व्यापारी संघाच्या बैठकीत ‘सर्वांनी एकच भाव ठेवू’ असा प्रस्ताव आल्यास सुज्ञ व्यापाऱ्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.