आधी सातबारा, मग ऑफर लेटर

‘सर, कुठला देश चांगला?’ हा प्रश्न आपल्याकडे बारामतीत येतो, इंदापुरात येतो आणि भिगवणला झेरॉक्सच्या रांगेत उभं असतानाही येतो. परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणारे आपण बहुतेक जण त्याचं उत्तर द्यायला लगेच सरसावतो. रँकिंग सांगतो, हवामान सांगतो, नोकरीच्या शक्यता सांगतो. माझं मत हळूहळू बदलत गेलं आहे. नीरा डाव्या कालव्यावरच्या घरातलं पोर समोर बसलं असेल, तर देश मागाहून बघू. आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि उसाचं बिल कधी, कुठल्या खात्यात जमा होतं, ते विचारावं.

आपण वाटतो ती माहितीपत्रकं पुण्यातल्या पगारदार घरासाठी लिहिलेली असतात. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म सोळा, तारण म्हणून कोथरूडचा फ्लॅट. सणसरच्या किंवा पणदऱ्याच्या बागायतदाराकडे यातलं काय असतं? शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र भरलेलंच नसतं, किंवा भरलं असलं तर त्यात दिसणारा आकडा दुकानातल्या पोऱ्याच्या पगाराएवढा. जमीन मात्र पाण्याखालची, लाखमोलाची. बाप म्हणतो, ‘चार एकर लावतो की बँकेला.’ इथेच पहिली ठेच लागते. २००२च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१नुसार शेतजमिनीवर त्या कायद्याने वसुली करता येत नाही. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली ही तरतूद योग्यच आहे, पण तिच्यामुळे शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. त्यांना बिगरशेती प्लॉट लागतो, घर लागतं, नाहीतर मुदतठेव. त्यातून ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा असतोच. हे मुलाला ऑफर लेटर आल्यावर जूनमध्ये कळण्यापेक्षा आदल्या दिवाळीत कळलेलं बरं. बिगरशेतीचं प्रकरण कुणाच्या व्हिसाच्या तारखेसाठी लवकर निघत नाही.

आता आकडा बघा. जर्मनीचा व्हिसा हवा तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. युरो शंभरच्या आसपास धरला तर बारा लाख. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता टनामागे पावणेतीन हजार हाती आले असं धरलं, तर बारा लाखांसाठी सुमारे ४३५ टन ऊस लागतो. एकरी ५० टन पकडले तर जवळपास नऊ एकर, तेही खत, मजुरी आणि वीजबिल न धरता. हा हिशेब मी पालकांसमोर कागदावर मांडतो. काही जण गप्प होतात, काही जण ‘मग कर्जच काढू’ म्हणतात. दोन्ही उत्तरं चालतील, फक्त हिशेब न करता दिलेलं नको.

तारखांचं गणित आणखी अवघड. गाळप नोव्हेंबरात सुरू होतं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण हप्त्या-हप्त्याने बिल घेण्याची सवय आपल्या भागाला आहे. बिलातून सोसायटीची कपात आधी होते. उरलेल्या रकमेवर ट्रॅक्टरचा हप्ता आणि चुलत बहिणीचं लग्न टपून बसलेलं असतं. आणि ब्रिटनचा नियम असा की शुल्काची बाकी आणि राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हललेली नसावी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून सप्टेंबरला जायचं असेल, तर फेब्रुवारी-मार्चचं बिल कुठे ठेवायचं हे बिल येण्याआधी ठरलेलं हवं.

ते खातं कुणाचं, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे व्यवहार बघतो थोरला चुलता, ऊस आजोबांच्या नावाने जातो आणि पुतण्याच्या शिक्षणाला सगळ्यांचा हातभार असतो. घर म्हणून हे फार चांगलं. ब्रिटनच्या नियमात मात्र पैसे विद्यार्थ्याचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचेच चालतात. चुलत्याचे चालत नाहीत. अमेरिकेला नातेवाइकाचं हमीपत्र चालतं, पण मुंबईच्या मुलाखतीत ‘काका का देताहेत?’ असं विचारलं की मुलगा गडबडतो. त्याला एकत्र कुटुंब इंग्रजीत दोन वाक्यांत सांगता येत नाही. ही दोन वाक्यं आपण त्याच्याकडून घोटून घ्यावीत. बाकी मुलाखतीची तालीम वगैरे युट्यूबवर हवी तेवढी मिळते.

नावाचा घोळ तर घरोघरी. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. सातबाऱ्यावर वडील ‘रामचंद्र’, आधारवर ‘रामचंद्रराव’, बँकेत ‘आर. बी.’ आडनावाचा रकाना रिकामा सोडून काढलेला पासपोर्ट तर पुढे प्रत्येक देशात छळतो. अकरावीच्या वर्गातच पासपोर्टचा अर्ज भरून घेतला आणि तो गुणपत्रिकेशी ताडून पाहिला, तर आपलं निम्मं काम झालं असं मी मानतो.

तीन वर्षांची पदवी घेतलेल्या मुलांना अमेरिकेतली अनेक विद्यापीठं थेट मास्टर्सला घेत नाहीत. चार वर्षांच्या कृषी पदवीवाल्याला आणि इंजिनिअरला ही अडचण नाही. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष कुणासाठी कामाचं आहे, हे बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या वर्गात जाऊन सांगणं आपलंच काम आहे. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र २०२२च्या अखेरीपासून बंधनकारक आहे. ते हाती आल्याशिवाय बाकीची घाई व्यर्थ.

वैद्यकीयबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, पण जागा मोजक्या. मग जॉर्जिया, किर्गिझस्तान, रशिया. २०२१च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा, त्यानंतर तिथेच १२ महिन्यांची आंतरवासिता हवी आणि त्या देशात व्यवसायाची नोंदणी मिळण्याजोगी पदवी हवी. इथे परतल्यावर परवाना परीक्षा आणि पुन्हा आंतरवासिता. ‘पाच वर्षांत डॉक्टर’ असा फलक लावणाऱ्याला यातलं सगळं ठाऊक असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थी जीव मुठीत धरून परतले, तेव्हा फलक लावणारे फोन उचलत नव्हते अशी तक्रार मी एकाहून अधिक घरांत ऐकली. नीटची पात्रता नसलेल्या मुलाला पाठवणं म्हणजे त्याची सहा वर्षं बुडवणं.

शिष्यवृत्त्यांकडे आपलं लक्ष कमी आहे, कारण त्यात आपल्याला काही मिळत नाही. हे मोकळेपणी मान्य करू या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची आहे आणि तिला महाराजा सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे. सयाजीरावांनीच १९१३ साली बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांवर कोलंबियाला धाडलं, आणि निघण्याआधी दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. करार आजही असतात. फक्त ते कुणी वाचत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता आणि विद्यापीठाचं रँकिंग यांच्या अटी वर्षागणिक हलतात, म्हणून गेल्या वर्षीचा शासन निर्णय छापून भिंतीवर लावू नये.

आणि कमिशन. परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटाला पैसे देतात, हे आपल्या क्षेत्रात उघड गुपित आहे. घेण्याला माझी हरकत नाही, दुकान चालवायचंच आहे. पण ज्या विद्यापीठाकडून पैसे येतात त्याचंच नाव ‘तुमच्या मुलाला हेच योग्य’ म्हणून सांगताना ते पालकांपासून लपवणं मला पटत नाही. आडतीत पट्टी मिळते, तिच्यावर हमाली, तोलाई वेगळी लिहिलेली असते. शेतकऱ्याला ती वाचता येते.

‘तिथे पार्ट टाइम करून फी फेडेल’ हे वाक्य मात्र आपल्या तोंडी येऊच नये. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही विद्यापीठाच्या आवारातच. ब्रिटनमध्येही पदवीच्या विद्यार्थ्याला वीस. कॅनडात बाहेरच्या कामाला २४. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. यातून किराणा आणि बसचा पास निघतो. फी निघत नाही.

निघायच्या आठवड्यात आपण बॅगेच्या वजनाबद्दल बोलतो, औषधं आणि चटण्यांची यादी देतो. एक कागद राहून जातो. आजोबा वारले, वारसनोंद झाली आणि मुलाचे वडील हयात नसतील, तर सातबाऱ्यावर मुलाचंही नाव चढलेलं असतं. पुढे वाटप, विक्री, नवं कर्ज, काहीही निघालं तरी त्याची सही लागणार, आणि तो असणार मेलबर्नला. तिथल्या भारतीय वकिलातीची वेळ घ्या, साक्षांकन करा, कुरिअरची वाट बघा, मग इथे मुद्रांकाचे सोपस्कार. यापेक्षा विमान पकडण्याआधी एक सकाळ काढून बारामतीच्या किंवा इंदापूरच्या दुय्यम निबंधकाकडे आईच्या नावाने मर्यादित कुलमुखत्यारपत्र नोंदवून घ्यावं. कुठल्या गटापुरतं आणि कुठल्या कामापुरतं ते त्यात स्पष्ट लिहावं; विक्रीचा अधिकार द्यायचा की नाही, हे मुलाने स्वतः वाचून ठरवावं.